डिक्शनरीचा स्क्रीनशॉट टाकून वाद मिटत नसतो

हल्ली कुठलाही ऑनलाइन वाद घ्या, दहाव्या-बाराव्या रिप्लायपर्यंत तो एखाद्या साध्या इंग्रजी शब्दावर येऊन अडकतोच. उत्क्रांतीबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "अहो पण शेवटी ती थिअरीच ना, थिअरी म्हणजे काय ते डिक्शनरीत बघा", आणि खाली स्क्रीनशॉट. त्यावर समोरचा त्याच डिक्शनरीतला दुसऱ्या नंबरचा अर्थ लाल गोल करून चिकटवतो. मग तिसरा एक समजूतदार माणूस उगवतो आणि सांगतो की भाषा बदलतच असते, शब्दाला पक्का अर्थ असा नसतोच, ज्याला जे वाटेल ते, सोडून द्या. आणि वाद संपतो, म्हणजे मिटत नाही, नुसता संपतो. मला पहिल्या दोघांपेक्षा हा तिसरा जास्त डोक्यात जातो, कारण त्याचं निम्मं बरोबर असतं आणि त्या निम्म्याच्या जोरावर तो उरलेलं निम्मं खपवतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजीतल्या रोजच्या शब्दांचा अर्थ संदर्भच ठरवतो, हे शंभर टक्के मान्य. पण त्यातून "काहीही चालतं" असं निघत नाही, उलट संदर्भ हा डिक्शनरीपेक्षा कडक मास्तर आहे, डिक्शनरी तुम्हाला आठ अर्थ देते आणि संदर्भ त्यातले सात काढून घेतो. आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर कुणी बोलतच नाही: एखादा शब्द एका वर्तुळातून उचलून दुसऱ्या वर्तुळात नेला तर तो उलगडून सांगायची जबाबदारी नेणाऱ्याची असते. ऐकणाऱ्याला कळलं नाही म्हणून त्याला अडाणी ठरवणं ही शुद्ध पळवाट आहे.

आधी डिक्शनरीवाल्यांकडे येऊ. डिक्शनरी म्हणजे कायद्याचं पुस्तक आहे हा समज डिक्शनरी लिहिणाऱ्यांचाच कधीकाळी होता, त्यामुळे लोकांना फार दोष देता येत नाही. 'गलिव्हर'वाल्या जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये इंग्रजी भाषा एकदाची ठाकठीक करून कायमची पक्की करावी असा प्रस्तावच छापला होता. या माणसाला "मॉब" हा शब्दसुद्धा सहन व्हायचा नाही, कारण तो एका लांब लॅटिन शब्दप्रयोगाचा तोडलेला तुकडा. आज मॉब शब्दाशिवाय बातमी लिहून दाखवा. सॅम्युअल जॉन्सनने 1747 मध्ये आपल्या डिक्शनरीचा आराखडा मांडला तेव्हा त्यालाही भाषा स्थिर करायची होती. आठ वर्षं शब्दांशी झटापट केल्यावर 1755 मध्ये डिक्शनरी आली, आणि तिच्या प्रस्तावनेत तो सरळ लिहितो की आपल्या कोशामुळे भाषा मसाला भरून जतन करता येईल असं वाटणाऱ्या कोशकाराला लोक हसतील ते योग्यच. ज्याने एवढं मोठं काम केलं त्यानेच हात टेकले, आणि आपण अडीचशे वर्षांनंतर स्क्रीनशॉट नाचवतोय. पुढे ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी झाली ती तर उघड उघड नोंदवही म्हणूनच. हजारो वाचकांनी पुस्तकं वाचायची, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचं, आणि संपादकांनी त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून अर्थ वेगळे करायचे. म्हणजे आधी वापर, मग अर्थ. आणि गंमत अशी की या डिक्शनरीत अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, सगळ्यात जुना आधी. अमेरिकेतल्या मेरिअम-वेबस्टर डिक्शनरीचंही तसंच. म्हणजे "पहिल्या नंबरचा अर्थ तोच खरा" असं जे आपण गृहीत धरतो, तो पहिल्या नंबरचा अर्थ कधीकधी दोन-तीनशे वर्षांपूर्वीच मेलेला असतो, मान वर करून बघितलं तर शेजारी तसं लिहिलेलंही असतं.

त्यातूनच दुसरा आवडता मुद्दा निघतो, "मूळ अर्थ". मूळ अर्थ हाच खरा असेल तर "नाइस" म्हणजे अडाणी, कारण तो शब्द आलाय "माहीत नसलेला" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाला झाडपाला आणि फळं देतो आणि म्हणतो ही तुमच्यासाठी "मीट". तेव्हा मीट म्हणजे अन्न, कुठलंही. आता या आधारावर कुणी हॉटेलात मीट मागवून समोर पालेभाजी आली तर खूश होणार आहे का? लिटरलीवरून (म्हणजे शब्दशः, अक्षरशः) 2013 मध्ये असाच गहजब झाला होता, डिक्शनऱ्यांनी या शब्दाचा "नुसता जोर देण्यासाठी" असाही अर्थ दिलाय हे लोकांच्या अचानक लक्षात आलं आणि इंग्रजी मेली म्हणून सुतक पाळलं गेलं. मेरिअम-वेबस्टरने तो अर्थ 1909 मध्येच नोंदवला होता आणि चांगले चांगले लेखक 18 व्या शतकापासून तो तसा वापरत होते. मलाही तो वापर कानाला खटकतो, हे मान्य, पण माझा कान म्हणजे काही पुरावा नाही.

लोक म्हणतात, इंग्रजी ही मुळातच विचित्र भाषा, एकाच शब्दाचे उलटसुलट अर्थ. काहीतरीच. आपल्याकडे भूक लागते, दार लागतं, नोकरी लागते, ठेच लागते, एक माणूस दुसऱ्याचा मामा लागतो आणि शेवटी वाट लागते, आणि यातलं काहीही ऐकून आपण कधी गोंधळून उभे राहत नाही. इंग्रजीत "रन" या क्रियापदाचे ऑक्सफर्डवाल्यांनी सहाशेच्या वर अर्थ मोजलेत, तरी इंग्रजी बोलणारं चार वर्षांचं पोर तो शब्द बिनधास्त वापरतं. "सँक्शन" बघा, लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर आणि एखाद्या देशावर सँक्शन लागले म्हणजे बंदी, पूर्ण उलटे अर्थ, पण आपल्याला दोन्ही एकाच पेपरच्या एकाच पानावर वाचताना अडखळायला होत नाही. अनेक अर्थ असणं हा रोग नाहीये. रोग आहे तो संदर्भ काढून टाकून शब्द टेबलावर ठेवणं आणि मग विचारणं की सांगा, याचा अर्थ काय.

टेबलावरूनच आठवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी चर्चेला बसले असताना ब्रिटिशांनी एक तातडीचा कागद "टेबल" करायचा म्हटलं. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ आत्ता चर्चेला घ्या, आणि अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ बाजूला ठेवून विसरून जा. चर्चिलने लिहून ठेवलंय की यावरून बराच वेळ चांगलीच वादावादी झाली आणि मग लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. आता इथे चूक कुणाची? डिक्शनरी दोघांकडेही होती, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या.

इथपर्यंत सोपं होतं. आता समोरच्या बाजूचा खरा जोरदार मुद्दा घेतो, कारण तो बहुतेक वेळा नीट मांडलाच जात नाही. मुद्दा असा की गप्पांमध्ये ठीक आहे, पण जिथे पैसा, तुरुंग किंवा जीव पणाला लागलेला असतो तिथे अर्थ आधीच पक्का नको का? करार केला आणि नंतर एक पार्टी म्हणाली की माझ्या मते त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता, तर व्यवहार कसे चालायचे? रास्त प्रश्न आहे. आणि याचं उत्तर देणारा एक खटला आहे जो कायद्याच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात, आणि तो चक्क "चिकन" या शब्दावर लढला गेला.

1957 मध्ये एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून गोठवलेल्या चिकनचा मोठा माल मागवला. दोन वजनांचे पक्षी, मोठे अडीच ते तीन पौंडांचे 33 सेंट पौंड भावाने आणि लहान दीड ते दोन पौंडांचे साडेछत्तीस सेंटने. माल पोचला तर मोठ्या वजनात निघाल्या म्हाताऱ्या कोंबड्या, ज्या फक्त तासन्तास शिजवून खायच्या. खरेदीदार भडकला, म्हणाला चिकन म्हणजे कोवळा, भाजता-तळता येईल असा पक्षी, हे या धंद्यात कुणीही सांगेल. विक्रेता म्हणाला चिकन म्हणजे कोंबडी, वयाचं कुठे लिहिलंय? प्रकरण न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे आलं आणि त्यांचा 1960 चा निकाल सुरूच होतो या प्रश्नाने की चिकन म्हणजे काय. डिक्शनरीत दोन्ही अर्थ होते, म्हणजे डिक्शनरी तिथेच बाद. मग त्यांनी काय बघितलं ते बघा. दोघांमधल्या तारा बघितल्या, त्या बहुतेक जर्मनमध्ये होत्या पण चिकन हा शब्द मात्र इंग्रजी वापरला होता. कुठल्या प्रकारचं चिकन हवंय असं विचारल्यावर कुठलंही चालेल असं उत्तर आलं होतं, ते बघितलं. सरकारी कृषी खात्याचे नियम बघितले, त्यात म्हातारी कोंबडीही चिकनमध्येच मोडत होती. धंद्यातल्या लोकांच्या साक्षी घेतल्या, त्या दोन्हीकडून आल्या. विक्रेता या धंद्यात नवीन होता, म्हणून धंद्यातली खास बोली त्याला माहीत असेलच असं धरता येत नाही, हेही बघितलं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे भाव. त्या वजनाच्या कोवळ्या पक्ष्यांचा बाजारभाव तेव्हा 35 ते 37 सेंट होता. मग 33 सेंटला कोवळे पक्षी द्यायला कोण मूर्ख तयार होईल? भावच सांगतोय की विक्रेत्याच्या डोक्यात काय होतं. शेवटी खरेदीदाराला आपला संकुचित अर्थ सिद्ध करता आला नाही आणि तो हरला.

यावर कुणी म्हणेल, बघा, तेच तर आम्ही म्हणतोय, अर्थ लिहून ठेवला असता तर खटलाच झाला नसता. बरोबर, लिहून ठेवायला हवा होता. पण "लिहून ठेवा" म्हणजे काय? म्हणजे या करारापुरता या शब्दाचा अर्थ अमुक, असा स्वतःचा संदर्भ तयार करा. शब्दात पक्का अर्थ आधीपासून बसलेला असता तर प्रत्येक कराराच्या सुरुवातीला व्याख्यांची ती लांबलचक पानं कशाला लागली असती? आणि हे काही नवीन नाही, 1893 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे टोमॅटो फळ की भाजी असा जकातीचा वाद आला तेव्हाही वकिलांनी डिक्शनऱ्या वाचून दाखवल्या होत्या. वनस्पतीशास्त्रात ते फळ, हे कोर्टाने मान्य केलं आणि तरी सांगितलं की बाजारात आणि जेवणाच्या ताटात ती भाजी आहे, जकात भरा.

उलट कोर्टाने डिक्शनरी धरली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत कायदा होता, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक "यूज" केली तर जादा शिक्षा. एका माणसाने आपली मशीनगन देऊन त्या बदल्यात कोकेन घ्यायचा सौदा केला, समोरचा निघाला साध्या वेशातला पोलीस. प्रश्न असा की याने बंदूक यूज केली का? 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायाधीशांनी डिक्शनरी उघडली, यूज म्हणजे उपयोगात आणणे, आणि याने ती उपयोगात आणलीच की, चलन म्हणून. 30 वर्षं. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी एक साधी गोष्ट विचारली: तुम्ही काठी यूज करता का असं कुणी विचारलं तर तो तुम्ही काठी टेकून चालता का असं विचारत असतो, तुमच्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे का असं नाही. गंमत म्हणजे 2007 मध्ये त्याच कोर्टापुढे उलटं प्रकरण आलं, ड्रग्ज देऊन बंदूक घेणारा, आणि कोर्ट एकमताने म्हणालं की याने बंदूक यूज केली नाही. म्हणजे एकाच सौद्यात बंदूक देणाऱ्याने ती वापरली आणि घेणाऱ्याने नाही. डिक्शनरीने धरलेल्या वाटेवर चालत गेलं की असल्या ठिकाणी पोचायला होतं. आणि लक्षात घ्या, शब्दकोशातून काढलेला अर्थ इथे सौम्य किंवा तटस्थ नव्हता, त्याच्या जोरावर माणूस 30 वर्षांसाठी आत गेला.

पण जिवाचा मुद्दा अजून बाकी आहे आणि तो जास्त अवघड आहे. 27 मार्च 1977, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट. केएलएम या डच कंपनीच्या विमानाला कंट्रोलरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, त्या सूचनेत "टेक-ऑफ नंतर" असे शब्द आले. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, फक्त मार्ग होता. केएलएमकडून उत्तर गेलं की आम्ही आता "अॅट टेक-ऑफ". कंट्रोलरला वाटलं उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत, प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. कंट्रोलर म्हणाला "ओके", आणि पुढे म्हणाला थांबा, मी कळवतो, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने रेडिओवर बोलायला सुरुवात केली आणि ते पुढचं वाक्य कर्कश आवाजात बुडालं. ऐकू आलं ते फक्त ओके. 583 माणसं गेली. इथे "संदर्भावरून समजून घ्या" हा सल्ला देणाऱ्याला मी स्वतः कॉकपिटमधून बाहेर काढेन. प्रत्येकाने संदर्भावरूनच समजून घेतलं होतं, फक्त धुक्यामुळे प्रत्येकाचा संदर्भ वेगळा होता.

म्हणून मग डिक्शनरीवाले जिंकले का? नाही. त्यानंतर जे केलं गेलं ते बघा. विमानवाहतुकीत ठरवलं गेलं की "टेक-ऑफ" हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, बाकी सगळीकडे "डिपार्चर" म्हणायचं, आणि मिळालेली सूचना ओके म्हणून सोडून न देता ती परत म्हणून दाखवायची. कुठल्याही डिक्शनरीत टेक-ऑफ आणि डिपार्चर यांत हा फरक सापडणार नाही. तो फरक त्या धंद्यातल्या लोकांनी मुद्दाम, एका रेडिओपुरता, माणसं मेल्यावर बनवला. विमानातून उतरल्यावर तोच पायलट बायकोला फोन करून टेक-ऑफला उशीर झाला असं खुशाल सांगू शकतो. पक्का अर्थ हवा असेल तर तो बनवावा लागतो, शिकवावा लागतो, आणि तो जिथे बनवला तिथेच चालतो. माझा समोरच्यांशी वाद "पक्का अर्थ नको" असा नाहीच, वाद असा की तो शब्दाच्या पोटात आयता सापडत नाही.

आणि हीच गोष्ट उलट बाजूने बघितली की कळतं तिसऱ्या समजूतदार माणसाचं कुठे चुकतं. बनवलेला अर्थ जिथे बनवला तिथेच चालतो हे ज्यांनी तो बनवलाय तेच विसरतात. 28 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने ट्वीट केलं की कोविड-19 एअरबोर्न नाही, वर "फॅक्ट" असा शिक्का मारून. आता संसर्ग रोखणाऱ्या डॉक्टरांच्या वर्तुळात एअरबोर्न हा खास शब्द होता, गोवर, क्षय अशा मोजक्या रोगांसाठी, ज्यांचे पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण हवेत लांबवर तरंगत जातात असं मानलं जायचं, आणि एखादा रोग त्या यादीत टाकला की हॉस्पिटलमध्ये वेगळी खोली, एन-95 मास्क असं सगळं लचांड मागे लागायचं. त्या अर्थाने त्यांना पुरावा पुरेसा वाटत नव्हता. पण ट्वीट हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर लावलेलं नव्हतं, अख्ख्या जगाला सांगितलेलं होतं, आणि जगाच्या इंग्रजीत एअरबोर्न म्हणजे हवेतून येणारं, बास. लोकांनी काय ऐकलं? हवेतून येत नाही, म्हणजे खिडक्या बंद असल्या तरी चालेल, पण हात धुवा आणि पाकिटं पुसा. तिकडे हवेतल्या कणांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रवाले वेगळेच वैतागले, त्यांच्या लेखी पाच मायक्रॉनच काय, त्याच्या कितीतरी पट मोठा कणही बराच वेळ हवेत राहतो. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं. संघटनेची भाषा हळूहळू बदलत गेली, आणि एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, एक सविस्तर कागद आला की निरनिराळ्या शाखांमध्ये हे शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरले जात होते, आता "हवेमार्फत" होणारा संसर्ग अशी सगळ्यांना चालेल अशी परिभाषा वापरू. साथीत सगळं काही एका शब्दामुळे चुकलं असं मी म्हणत नाही, पुराव्यांबद्दल खरे मतभेदही होते. पण "लोकांना विज्ञान कळत नाही" हे जे ठरलेलं रडगाणं आहे ते इथे लागू होतं का? लोकांनी तो शब्द त्याच्या सरळ, चालू अर्थानेच घेतला होता, "ज्याला जे वाटेल ते" असं झालंच नव्हतं. शब्द उलगडून सांगायचं काम ट्वीट करणाऱ्याचं होतं.

थिअरीचंही तेच, फक्त इथे दोन्ही बाजूंकडे थोडी थोडी चूक आहे. 2002 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीत शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर स्टिकर लावले गेले की उत्क्रांती ही थिअरी आहे, फॅक्ट नाही. पुस्तकाच्या आत थिअरी म्हणजे भरपूर पुराव्यांवर उभी असलेली, बऱ्याच गोष्टींचा एकत्र उलगडा करणारी मांडणी, आणि पुस्तकाच्या कव्हरवर थिअरी म्हणजे नुसता अंदाज. एकाच वस्तूवर एकाच शब्दाचे दोन अर्थ, मध्ये एक पुठ्ठा. 2005 मध्ये कोर्टाने स्टिकर काढायला लावले, मग अपिलात ते प्रकरण परत पाठवलं गेलं आणि 2006 च्या शेवटी तडजोडीत संपलं, स्टिकर परत आले नाहीत. हे लावणाऱ्यांना शब्दाचे दोन अर्थ आहेत हे माहीतच नसेल असं मला वाटत नाही. पण शास्त्रज्ञांचं "अडाण्यांनो, आमचा अर्थ वेगळा आहे" हे उत्तरही मला पटत नाही, कारण तेच लोक चहा पिताना "माझी एक थिअरी आहे" म्हणून काहीही ठोकून देतात, आणि संख्याशास्त्रात "सिग्निफिकंट" (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, एवढंच) असं छापून आलेला निकाल महत्त्वाचा समजला जाऊन बातमी झाली तर फारसे दुरुस्त करायला जात नाहीत, भले त्या फरकाचा आकार कुणाच्या लक्षातही न येण्याइतका छोटा असो.

आता "संदर्भ बघा" म्हणणाऱ्यांना एक चिमटा काढायलाच हवा, कारण संदर्भ हा शब्दही पळवाट म्हणून जोरात वापरला जातो. नोव्हेंबर 2009 मध्ये हवामान शास्त्रज्ञांचे चोरलेले ईमेल बाहेर आले, त्यात 1999 च्या एका मेलमध्ये घसरण (झाडांच्या वलयांवरून काढलेल्या तापमानाच्या आकड्यांतली) लपवण्यासाठी अमक्याची "ट्रिक" वापरली असं वाक्य होतं. झालं, ट्रिक म्हणजे फसवणूक, सगळं हवामानशास्त्र खोटं. ब्रिटिश संसदेच्या समितीने तपासून सांगितलं की ट्रिक हा इथे बोलचालीतला शब्द आहे, अर्थ एवढाच, आकडे हाताळायची एक चलाख पद्धत. शब्द सुटला. पण ज्यासाठी ती ट्रिक वापरली तो ग्राफ पूर्ण सुटला नाही. याच प्रकरणात नेमलेल्या सर म्युर रसेल यांच्या चौकशीत असं आलं की वलयांवरून काढलेले आणि थर्मामीटरचे आकडे असे एकमेकांना जोडणं मुळात गैर नाही, पण जोडले आहेत हे त्या 1999 च्या ग्राफवर स्पष्ट सांगायला हवं होतं, न सांगितल्यामुळे तो दिशाभूल करणारा झाला. म्हणजे संदर्भ पूर्ण बघायचा तर दोन्ही बघावं लागतं, जे आपल्या सोयीचं ते आणि जे गैरसोयीचं तेही. मागची-पुढची दोन वाक्यं दाखवली की संदर्भ दिला असं होत नाही.

हा धडा खरं तर मशीनवाल्यांनी फार आधी घेतलाय. 1949 मध्ये वॉरन वीव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञाने मशीनकडून भाषांतर करून घेण्यावर एक टिपण लिहिलं, त्यात त्याने म्हटलं की पुठ्ठ्याला एका शब्दाएवढं भोक पाडून पुस्तक वाचा, "फास्ट" शब्द दिसला तर तो वेगवान की घट्ट बसलेला हे कळणारच नाही, भोक रुंद करा, आजूबाजूचे शब्द दिसले की कळेल. 1960 मध्ये बार-हिलेल या भाषेच्या तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिलं एका बाळबोध वाक्याने: खोका पेनमध्ये होता. आजूबाजूला कितीही शब्द ठेवा, इथे पेन म्हणजे लिहायचं पेन नाही, लहान मुलाला खेळायला ठेवायचं कुंपण, हे कळायला खोका केवढा असतो आणि लिहायचं पेन केवढं असतं हे माहीत लागतं. ते ज्ञान कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नसतं. तेव्हा संदर्भ म्हणजे शेजारचे शब्द एवढंच नाही, कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या धंद्यात, काय भावाने, हे सगळं त्यात येतं.

आणि इतकं सगळं बघूनही कधीकधी उत्तर मिळत नाही, हे मला मान्य केलं पाहिजे, कारण माझ्या मुद्द्याला लागणारा हा सगळ्यात मोठा धक्का आहे. 1952 मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला एका गोदामाच्या छपरावर दोन पोरं चोरीच्या इराद्याने चढली आणि पोलिसांनी गाठली. 16 वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगकडे पिस्तूल होतं. 19 वर्षांच्या डेरेक बेंटलीला पोलिसांनी आधीच पकडलं होतं, आणि पोलिसांच्या साक्षीप्रमाणे तो ओरडला, "लेट हिम हॅव इट, ख्रिस". नंतर क्रेगच्या गोळीने एक पोलीस मेला. त्या वाक्याचा एक अर्थ, देऊन टाक पिस्तूल त्याला. दुसरा अर्थ, हाण त्याला. दोन्ही अस्सल इंग्रजी, दोन्ही त्या छपरावर शोभणारे, आणि असं वाक्य मुळात उच्चारलंच नाही असं दोघांचंही म्हणणं. क्रेग लहान म्हणून फाशीतून वाचला, बेंटलीला 28 जानेवारी 1953 ला फाशी दिलं. 1998 मध्ये अपील कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली, पण ती त्या वाक्याचा खरा अर्थ सापडला म्हणून नाही. ट्रायलच्या न्यायाधीशाने ज्युरीला ज्या पद्धतीने आणि ज्या सुरात सगळं समजावून सांगितलं होतं त्यामुळे खटलाच न्याय्य झाला नव्हता, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.